खोडदची शांतता आणि ताऱ्यांची नाडी

पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी २३५ किलोमीटरची होती. चाकण, नारायणगाव, संगमनेर करत गाडी नाशिकला पोहोचणार होती. आता ती तशी जाणार नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या कामात व्यत्यय येईल, हे कारण देऊन केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी ती आखणी बाजूला ठेवली आणि अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांत त्यावरून नाराजी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. कांदा-टोमॅटो बाजारात नेणाऱ्या, रोज पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाने ‘आकाशातल्या ताऱ्यांसाठी आमची गाडी का अडवली?’ असे विचारले, तर त्याला उत्तर मिळायला हवे. ते आजवर नीट कुणी दिलेले नाही. ‘आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प आहे’ एवढे सांगून विषय संपवण्यात आला.

राज्याच्या या टोकाला, कोहमाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला हा वाद परका वाटू नये. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधल्या जंगलपट्ट्यातून जाणारा महामार्ग रुंद करताना वाघ-बिबट्यांच्या वाटेचे काय, हा प्रश्न इथे वर्षानुवर्षे गाजला. रस्ता हवाच होता आणि जनावरांची वाटही मोडायची नव्हती. मात्र वाघ लोकांना दिसतो, त्याच्या पायाचे ठसे शेतात उमटतात. खोडदच्या दुर्बिणीला जे ऐकायचे आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून ते नेमके काय आहे, आणि त्यासाठी एवढी शांतता का लागते, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरूनच कळेल. तसे एक उदाहरण खोडदच्याच नोंदींत आहे. ते एका ताऱ्याचे आहे, जो शेजारच्या ताऱ्याचे अन्न खाऊन वेगाने फिरू लागला आणि मग खाणे थांबल्यावर बोलू लागला.

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो तेव्हा त्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा उरतो. त्यात सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान असते आणि व्यास मात्र वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे जवळपास कोहमाऱ्याहून नवेगावबांधला जाऊन येण्याच्या टप्प्यातला. हा गोळा स्वतःभोवती फिरतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र अतिशय तीव्र असते, आणि प्रत्येक फेरीत त्याच्या किरणांचा झोत आपल्यावरून गेला की एक ठोका नोंदला जातो. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला असा पहिला ठोका सापडला. तो दर १.३४ सेकंदाला येत होता. अशा ताऱ्याला पल्सर किंवा स्पंदक म्हणतात. ठोके इतके नियमित की नाडी हाच शब्द सुचावा.

एकटा स्पंदक हळूहळू थकतो. फिरण्याची ऊर्जा खर्च होत जाते, ठोक्यांमधले अंतर वाढत जाते आणि काही कोटी वर्षांत तो मुका होतो. पण पुष्कळ तारे जोडीने जन्मतात. त्यातला एक फुटून न्यूट्रॉन तारा झाला आणि दुसरा जवळच राहिला, तर गोष्ट बदलते. दुसरा तारा म्हातारपणी फुगतो किंवा वाऱ्यासारखा वायू बाहेर टाकू लागतो आणि तो वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो. तो सरळ खाली पडत नाही. आधी ताऱ्याभोवती गरगरत चकती तयार होते आणि तिच्यातून वायू आत सरकतो. पडताना तो लाखो अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो.

फिरण्यावर याचा काय परिणाम होतो, हे समजायला महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत जावे. तिथल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्राला बाहेरून एखादा पोरगा धावत येऊन हात लावतो. त्याचा धावण्याचा वेग चक्रापेक्षा जास्त असेल, तर चक्राला धक्का बसून ते आणखी जोरात फिरते. तो चक्रापेक्षा हळू असेल तर उलटे होते, चक्र मंदावते आणि पोरगा बाहेर फेकला जातो. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र चकतीला जिथे पकडते, तिथला वायू ताऱ्यापेक्षा जलद फिरत असेल तर तारा वेग घेतो. हळू असेल तर वेग गमावतो, आणि वायूही भिरकावला जातो. अन्नाचा पुरवठा वाढला की वायू चुंबकीय क्षेत्राला आत रेटतो, पकड ताऱ्याजवळ येते, आणि ताऱ्याजवळचा वायू नेहमीच जास्त वेगाने फिरत असतो. म्हणून ठोक्यांचा वेग कसा बदलतो आहे हे मोजले, की तारा किती आणि कसा खातो आहे याचा अंदाज येतो. डॉक्टर नाडीवरून ताप, रक्तस्राव, भीती ओळखतो, तसेच हे. एकदा मोजून मात्र दोघांनाही फारसे काही कळत नाही.

पहिला असा खाणारा स्पंदक १९७१ मध्ये ‘उहुरू’ या उपग्रहाने शोधला. नरतुरंग तारकासमूहातला हा सेंटॉरस एक्स-३. ठोका ४.८४ सेकंदांचा. शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की ठोके कधी चाळीस सेकंदांपर्यंत लवकर, तर कधी तितकेच उशिरा येतात, आणि हे चक्र दोन दिवस दोन तासांत पुरे होते. शिवाय त्याच काळात एकदा सुमारे अर्धा दिवस ठोके गायबच होतात. अर्थ उघड होता. तारा एका प्रचंड जोडीदाराभोवती फिरतो आहे. तो आपल्याकडच्या बाजूला असताना प्रकाशाला कमी अंतर कापावे लागते, पलीकडे असताना जास्त, आणि जोडीदाराच्या मागे गेला की ग्रहण लागते. नुसत्या ठोक्यांच्या हजेरीपटावरून कक्षा मोजली गेली. कुठल्याही दुर्बिणीतून ती कक्षा वेगळी दिसणे शक्य नव्हते.

पण खरी माहिती पुढच्या दशकांत मिळाली. सेंटॉरस एक्स-३ ची फेरी आज ४.८० सेकंदांच्या आसपास आहे. मध्ये तो कधी मंदावला, कधी वेगावला, पण एकूण कल वेग वाढण्याचा राहिला. आणि त्याची कक्षा आकुंचन पावते आहे. दर वर्षी परिक्रमेचा काळ सेकंदाच्या साधारण एक-तृतीयांशाने घटतो. एक लाख ऐंशी हजार सेकंदांत सेकंदाचा एक-तृतीयांश! वर्षभराच्या निरीक्षणात हे जेमतेम हाती लागते. पन्नास वर्षांच्या नोंदी जोडल्या की सोळा-सतरा सेकंदांचा फरक उभा राहतो आणि मग शंका उरत नाही. सूर्याच्या वीसेक पट वजनाचा जोडीदार आणि हा छोटा तारा एकमेकांवर भरती-ओहोटीसारखे ताण टाकतात, त्यातून कक्षेची गती जोडीदाराच्या अंगात मुरते आणि दोघे जवळ येत जातात. शिवाय जड तारा हलक्याला वायू देतो तेव्हाही कक्षा लहान होते. हलका जडाला देऊ लागला तर ती मोठी होते. घरातल्या देण्याघेण्यासारखे हे असते, कोण कुणाला देतो यावर अंतर ठरते.

काही रुग्ण अधिक लहरी असतात. जीएक्स १+४ नावाचा तारा १९७०च्या दशकात झपाट्याने वेग घेत होता. त्या काळी दुसऱ्या कुठल्याही स्पंदकाची गती इतक्या भराभर बदलत नव्हती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो इतका मंद झाला की उपग्रहांना दिसेना. १९८७ मध्ये जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाला पुन्हा सापडला, तेव्हा तो उलट मंदावत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनीही हैदराबादहून सोडलेल्या बलूनवरची उपकरणे वापरून त्याचा पाठपुरावा केला. दुसरा तारा ४यू १६२६-६७. त्याची परिक्रमा अवघ्या ४२ मिनिटांची आणि ठोका ७.७ सेकंदांच्या आसपास. तो १९९० पर्यंत वेग घेत होता, मग अठरा वर्षे मंदावत राहिला, २००८ मध्ये पुन्हा वेग घेऊ लागला आणि २०२३ मध्ये परत उलटला. एखाद्या शास्त्रज्ञाने २००० साली पाच वर्षे हा तारा तपासला असता, तर ‘हा मंदावणारा तारा आहे’ असा ठाम आणि चुकीचा निष्कर्ष निघाला असता. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी टांगलेला तापाचा तक्ता असतो. चार दिवसांची रेघ बघितल्याशिवाय मलेरिया की टायफॉइड हे सांगायला जाणकार डॉक्टर धजत नाही. इथे तक्ता दशकांचा आहे, एवढाच फरक.

आता खोडदच्या ताऱ्याकडे. त्याआधी १९८२ सालात जावे लागेल. त्या वर्षी अरेसिबो येथे एक असा स्पंदक सापडला, जो सेकंदाला ६४२ फेरे घेत होता. घरच्या मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. हा तारा मिनिटाला अडतीस हजारांच्या वर. शोध लावणाऱ्या डोनाल्ड बॅकर यांच्या चमूत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा विद्यार्थी. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, त्यामागच्या कामांत हेही एक. प्रश्न असा होता की इतका वेग आला कुठून? बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात उत्तर सुचवले. हा म्हातारा, मुका झालेला तारा आहे. त्याने जोडीदाराचे अन्न कोट्यवधी वर्षे खाल्ले आणि तो पुन्हा फिरू लागला. परदेशातही एका गटाने स्वतंत्रपणे हेच म्हटले. त्यावर बरीच वर्षे विश्वास होता, पुरावा अपुरा होता. खाणारे तारे सापडत होते ते सेकंदांच्या ठोक्यांचे, आणि जलद तारे सापडत होते ते न खाणारे. मधला दुवा नव्हता.

१९९८ मध्ये सेकंदाला ४०१ फेरे घेणारा आणि खाणारा तारा सापडला तेव्हा अर्धे अंतर कापले गेले. उरलेले अर्धे, म्हणजे एकाच ताऱ्याने खाणे सोडून रेडिओ स्पंदक होणे किंवा उलट, हे आपल्या डोळ्यांसमोर घडेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. आजवर असे तीन तारे नक्की झाले आहेत. पहिला २००९ मध्ये, दुसरा २०१३ मध्ये. तिसरा नरतुरंगातलाच, ज्याचा क्ष-किरण स्रोत म्हणून क्रमांक १२२७ ने सुरू होतो. दहाएक वर्षे तो चकतीसह क्ष-किरण देत होता. २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही आठवड्यांत तो अचानक मंदावला आणि चकती नाहीशी झाली. आता तिथून रेडिओ ठोके यायला हवेत, असा तर्क होता. ते ठोके खोडदच्या दुर्बिणीने पकडले. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी ६०७ मेगाहर्ट्झवर शोध घेतला, तेव्हा १.६९ मिलिसेकंदांचा ठोका हाती आला. सेकंदाला सुमारे ५९३ फेरे. परिक्रमा ६.९ तासांची, आणि त्यातला बराच वेळ जोडीदाराने उधळलेल्या वायूत ठोके लपलेले. २०१५ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बंगळुरूहून तेहतीस वर्षांपूर्वी वर्तवलेली गोष्ट जुन्नर तालुक्यातल्या तारेच्या जाळीच्या तबकड्यांनी ऐकली, हे त्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असायला हवे होते.

हे ठोके किती क्षीण असतात? चंद्रावर एक चालू मोबाइल ठेवला, तर तो खोडदच्या दुर्बिणीला अशा स्पंदकापेक्षा हजारो पटींनी प्रखर वाटेल. सरकारी रुग्णालयात ईसीजी काढताना भिंतीतल्या वायरिंगचा दोष असला की कागदावर ५० हर्ट्झची दाट, केसाळ रेघ उमटते आणि हृदयाचा ठोका तिच्यात हरवतो. तेव्हा यंत्र बदलून उपयोग नसतो, अर्थिंग नीट करावे लागते. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पेंटोग्राफ वरच्या तारेला घासताना ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरींच्या फार रुंद पट्ट्यात गोंगाट करते. वर गाडीतले शेकडो मोबाइल. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती कमी गोंगाट आणि डोंगरांचा आडोसा बघूनच. अशी जागा दुसरीकडे हलवता येत नाही. रेल्वे वळवता येते. म्हणून निर्णय योग्य आहे.

पण निर्णय योग्य असला तरी त्याची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुर्बिणीचा उपयोग जगाला होतो आणि वळशाचा भुर्दंड तीन-चार तालुक्यांना. वाघांसाठी शेतकऱ्याचे पीक गेले तर भरपाईची तरतूद आहे, अपुरी असली तरी आहे. रेडिओ शांततेसाठी तशी काही तरतूद नाही. दुर्बिणीपासून सुरक्षित अंतर ठेवून या तालुक्यांना रेल्वेशी जोडणारा फाटा, चांगल्या बससेवा, शेतमालाच्या वाहतुकीची सोय, यांपैकी काय करणार हे सरकारने सांगितले तर नाराजीचा रोख विज्ञानाकडे वळणार नाही. शिवाय धोका एकट्या रेल्वेचा नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आता मोबाइल सेवेसाठी दिला गेला आहे, तो दुर्बिणीच्या ऐकण्याच्या टप्प्यातच येतो. डोक्यावरून जाणाऱ्या हजारो दळणवळण उपग्रहांना तर जुन्नरच्या डोंगरांचा आडोसाही अडवू शकत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्याचे विदर्भात कौतुक झाले. डोळ्यांसाठी अंधार राखायचा हे लोकांना पटते. कानांसाठी शांतता राखायची, हे पटवायचे काम अजून कुणी हाती घेतलेले नाही.

या शांततेचा फायदा एका ताऱ्यापुरता नाही. खाऊन वेगावलेले हे तारे इतके अचूक फिरतात की त्यांचा घड्याळासारखा उपयोग होतो. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी अशा घड्याळांच्या ठोक्यांतल्या बारीक फरकांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. युरोपातल्या दुर्बिणींच्या सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदींना खोडदच्या नोंदींची जोड होती. यातही तीच गोष्ट, नोंद लांब हवी आणि मध्ये तुटायला नको.

तुटण्याचा धोका आकाशातही आहे. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडला गेला, तेव्हा त्याचे अपेक्षित आयुष्य पाच वर्षांचे होते. त्याहून किती तरी जास्त काळ त्याने काम केले. खाणाऱ्या स्पंदकांचे ठोके मोजणारे त्यावरचे उपकरण टीआयएफआरने बांधले. त्याच्या तीन एककांपैकी एक काही वर्षांपूर्वीच बंद पडले. जानेवारी २०२४ मध्ये गेलेला ‘एक्स्पोसॅट’ क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजतो. तो उपयोगी आहे, पण ते वेगळे काम आहे. ॲस्ट्रोसॅटची जागा घेणारा तशाच क्षमतेचा उपग्रह वेळेत गेला नाही तर तक्त्यावर रिकामी जागा पडेल. जीएक्स १+४ नेमका दिसेनासा असतानाच कधीतरी उलटला. तो क्षण कुणालाच सापडला नाही आणि ती रेघ आता कधीच भरता येणार नाही.

अन्न खाऊन वेग वाढतो, तर तो वाढतच का जात नाही, हेही अजून सुटलेले नाही. आजवरचा सर्वांत जलद स्पंदक सेकंदाला ७१६ फेरे घेतो. न्यूट्रॉन तारा हजारापेक्षा जास्त फेऱ्यांनंतरच तुटू शकेल, असे गणित सांगते. मग हे तारे त्याआधी अडतात कुठे? टीआयएफआरचे सुदीप भट्टाचार्य आणि अमेरिकेतील दीप्तो चक्रवर्ती यांनी २०१७ मध्ये दाखवले की बहुतेक तारे सतत खात नाहीत, अधूनमधून खातात, आणि हे हिशेबात धरले तर तारे आजवर दिसले त्याहूनही जास्त वेगाने फिरायला हवेत. मग त्यांना कोण आवरते? ताऱ्याच्या पृष्ठावरची किंचित असमानता आणि तिच्यामुळे बाहेर पडणाऱ्या गुरुत्वीय लहरी, असे एक उत्तर आहे. ते पारखायचे तर तारा खाताना आणि उपाशी असताना किती मंदावतो, हे दोन्ही मोजायला हवे. त्यासाठी सर्वांत सोयीचे रुग्ण म्हणजे तेच तीन, अवस्था बदलणारे. २००९ मध्ये सापडलेल्याने जून २०१३ मध्ये पुन्हा चकती जमवली आणि त्याचे रेडिओ ठोके थांबले. क्ष-किरणांत मोजल्यावर कळले की चकती असताना तो पूर्वीपेक्षा साधारण सव्वा पट वेगाने मंदावतो आहे.

खोडदचा तारा मात्र २०१२ च्या डिसेंबरपासून उपाशी आहे. एप्रिल-मेच्या रात्री दहा-अकराच्या सुमारास कोहमाऱ्याहून दक्षिणेला, नवेगावच्या जंगलाच्या वर बघितले तर क्षितिजालगत त्रिशंकूचा छोटा क्रूस दिसतो. त्याच्या वरच्या टोकाच्या चांदणीच्या थोडे वर, रिकाम्या वाटणाऱ्या जागेत हा तारा आहे. त्रिशंकूच्या उजवीकडे सेंटॉरस एक्स-३. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. चकती पुन्हा केव्हा जमेल, हे सांगता येत नाही. जमेल तेव्हा काही आठवड्यांत सगळे घडून जाईल. त्या वेळी खोडदमध्ये ठोके अचानक थांबल्याचे कळेल आणि क्ष-किरण वाढल्याचे एखाद्या उपग्रहाला दिसेल, जर तो तेव्हा चालू असेल तर.